वारेचे वय

वार हा शरीरातला मुदतीचा अवयव आहे. गर्भ रुजला की तिची घडण सुरू होते, बाळ जन्मले की काही मिनिटांत ती गर्भाशयाला सोडून बाहेर पडते, आणि पुढच्या गरोदरपणात पुन्हा नवी वार तयार होते. ‘नऊ महिने नऊ दिवस’ ही मराठी घरांत सांगितली जाणारी मुदत बाळाची मानली जाते; ती तेवढीच वारेचीही आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले ४० आठवडे म्हणजे जवळपास हीच मुदत. या काळात वारेच्या पेशी तरुण असतात, प्रौढ होतात आणि शेवटी म्हाताऱ्याही होतात. दिवस भरताना आलेले हे म्हातारपण नैसर्गिक आहे. ते सातव्या-आठव्या महिन्यातच आले, तर आईचा रक्तदाब वाढणे, बाळाची वाढ खुंटणे, दिवस भरण्याआधी प्रसूती होणे किंवा बाळ पोटातच दगावणे असे धोके उभे राहतात.

दिवस भरलेल्या वारेचे वजन सुमारे अर्धा किलो असते आणि आकार वीस-बावीस सेंटिमीटर व्यासाच्या जाड चकतीसारखा. तिच्या आत झाडाच्या मुळ्यांसारखे असंख्य अंकुर असतात आणि ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. हे सगळे अंकुर उलगडून पसरले, तर त्यांचा पृष्ठभाग १२ ते १४ चौरस मीटर भरेल, म्हणजे दहा बाय चौदा फुटांच्या खोलीच्या जमिनीएवढा. शेवटच्या महिन्यांत या अंकुरांभोवती दर मिनिटाला ६०० ते ७०० मिलिलिटर रक्त खेळते. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ थरातून प्राणवायू, साखर, प्रथिनांचे घटक, लोह आणि कॅल्शियम बाळाकडे जातात, आणि बाळाने टाकलेला कार्बन डायऑक्साइड व इतर उत्सर्जन आईकडे येते. जन्मापूर्वी फुप्फुस, आतडे आणि मूत्रपिंड यांचे काम वार करते. शिवाय गरोदरपण टिकवणारी संप्रेरकेही तीच बनवते.

पेशी म्हाताऱ्या होतात म्हणजे काय

अंकुरांवरचा जो थर आईच्या रक्ताला भिडलेला असतो, तो वेगवेगळ्या पेशींचा नसतो. त्याखालच्या लहान पेशी एकमेकींत विरघळून एकच सलग थर तयार होतो. या विरघळण्यासाठी लागणारे प्रथिन मानवी शरीराला कोट्यवधी वर्षांपूर्वी पूर्वजांत शिरलेल्या एका विषाणूच्या जनुकातून मिळाले आहे. एकदा सलग थरात मिसळलेली पेशी पुन्हा विभागत नाही. त्यामुळे वारेत म्हातारपणाची खूण पहिल्यापासूनच असते, आणि ती दोष नसून वारेच्या रचनेचा भाग आहे. खालून नव्या पेशी येत राहतात तोवर थर ताजा राहतो.

पेशीच्या वयाची एक खूण तिच्या गुणसूत्रांच्या टोकांशी दिसते. सुतळीच्या टोकाला गाठ मारली नाही तर पीळ सुटत जातो. गुणसूत्राच्या टोकाला तशी राखणदार गाठ असते, तिला टेलोमिअर म्हणतात. पेशी जितक्या वेळा विभागते तितकी ही गाठ झिजते. प्राणवायूचा पुरवठा कधी कमी तर कधी एकदम जास्त झाला, की तयार होणाऱ्या तिखट रेणूंनीही ती झिजते. झीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पेशी विभागणे थांबवते. ती मरत नाही, पण दाह वाढवणारी रसायने भोवती सोडत राहते. हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा परिसर हा केळीचा पट्टा असल्याने ही गोष्ट इथे समजावणे सोपे जाते: घडातले एक केळे आधी पिकले की त्याच्या वायूने शेजारची केळीही लवकर पिकतात. वारेतल्या म्हाताऱ्या पेशीही शेजारच्या पेशींना असेच लवकर पिकवतात.

रक्तदाब वाढलेल्या आणि बाळाची वाढ खुंटलेल्या गरोदरपणातील वारांमध्ये या गाठी नेहमीपेक्षा आखूड आढळल्या आहेत. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या रॉजर स्मिथ आणि कौशिक मैती यांच्या गटाने तीन प्रकारच्या वारा तपासल्या: ३७ ते ३९ आठवड्यांच्या, ४१ आठवडे उलटलेल्या, आणि कारण न समजता पोटात दगावलेल्या बाळांच्या. मुदत उलटलेल्या आणि दगावलेल्या बाळांच्या वारांमध्ये झिजेच्या खुणा सारख्याच होत्या, आणि ३७-३९ आठवड्यांच्या वारांमध्ये त्या तशा नव्हत्या. ‘सगळे ठीक होते, तरी बाळ कसे गेले’ हा प्रश्न ज्या घरांना छळतो, त्यांच्यासाठी या कामाचे मोल मोठे आहे. अशा वेळी दोष बहुधा सुनेच्या चालण्या-बोलण्याला, खाल्लेल्या पपईला किंवा कुणाच्या नजरेला दिला जातो. त्यातल्या अनेक घटनांमागे वेळेआधी थकलेली वार असू शकते.

पाया पहिल्या वीस आठवड्यांत

वार लवकर का थकते, याचे उत्तर बहुतेक वेळा सुरुवातीच्या काळात असते. गर्भाशयाच्या भिंतीतल्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्यांत वारेच्या पेशी शिरतात आणि त्यांना रुंद व सैल करतात. अरुंद नळीचा जणू पाट होतो, आणि मग रक्त संथ व भरपूर वाहते. हे काम विसाव्या-बाविसाव्या आठवड्यापर्यंत पुरे होते. ते अर्धवट राहिले, तर रक्त थोडे, जोराने आणि थांबत-थांबत येते. अंकुरांना मार बसतो, पेशी थकतात, आणि थकलेली वार आईच्या रक्तात अशी प्रथिने सोडते की तिच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आकसतात. आईचा रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, यकृत आणि मेंदूवरही परिणाम होतो. डॉक्टर याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. त्यात झटके आले की एक्लॅम्प्सिया होतो, आणि तो आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. लक्षणे सातव्या-आठव्या महिन्यात दिसतात, पण बिघाडाची सुरुवात चौथ्या महिन्याच्या आसपास झालेली असते. म्हणूनच डोहाळजेवणानंतर पहिल्यांदा दवाखाना गाठणे फार उशिराचे ठरते.

या बाबतीत महाराष्ट्रात झालेले काम जगभर उद्धृत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. त्यातून २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ व्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीने वारेचे आकारमान मोजले होते. आईचे गरोदरपणापूर्वीचे वजन कमी असेल तर वार लहान, आणि वार लहान असेल तर पुढे जन्मणारे बाळही हलके, असा संबंध त्यात दिसला. याच गावांतल्या निरीक्षणांत हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे वरचेवर खाणाऱ्या स्त्रियांची बाळे अधिक भरलेली आढळली, आणि शेतात व घरात फार कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान. बहुसंख्य मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, हीदेखील याच अभ्यासाची देणगी.

मुंबईच्या वस्त्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून पुढचे पाऊल टाकले. गरोदर होण्याच्या आधीपासून स्त्रियांना पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला. गरोदरपणाआधी किमान तीन महिने तो खाल्लेल्या आणि फार कृश नसलेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन वाढले. गरोदरपणातील मधुमेहही कमी आढळला. अतिशय कृश स्त्रियांत मात्र वजनाचा हा फायदा दिसला नाही. यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. मुलीचे पोषण लग्न ठरल्यावर किंवा दिवस गेल्यावर सुरू करून भागत नाही, ते तिच्या किशोरवयातच सुरू व्हावे लागते. आणि लग्नच अठराच्या आत झाले, तर वाढत्या शरीराला आणि वारेला एकाच ताटातून वाटणी करावी लागते. मराठवाड्यात हा प्रश्न अजून मिटलेला नाही. पहिले गरोदरपण वयाच्या विसाव्या वर्षानंतरच असावे, हा सल्ला वारेच्या दृष्टीने अगदी पायाचा आहे.

मिसरी, धूर आणि रक्त

मराठवाड्यातल्या घरांत तंबाखू म्हटले की पुरुषांची चंची आठवते. बायकांची मिसरी दात घासण्यात मोजली जाते, म्हणून ती व्यसन वाटतच नाही. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास करून २००४ साली तो प्रसिद्ध केला. धूर नसलेला तंबाखू, त्यातही मुख्यतः मिसरी, वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि त्यांच्या गरोदरपणाचा काळही सरासरी सहा दिवसांनी आखूड झाला. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते, आणि वारेचा सगळा कारभार रक्तवाहिन्यांवर चालतो. मिसरी दिवसातून दोन-तीनदा लावून ती तोंडात बराच वेळ ठेवणाऱ्या बाईने ‘मी तंबाखू खात नाही’ असे परिचारिकेला सांगितले, तर ते खोटे बोलणे नव्हे. प्रश्नच चुकीचा विचारला गेला. गावच्या आशा कार्यकर्तीने, म्हणजे आशाताईने, आणि घरच्यांनी मिसरीचे नाव घेऊनच विचारावे. दिवस गेल्याचे कळताच ती बंद करावी. गरोदर होण्याआधी बंद करता आली तर फारच उत्तम.

चुलीचा धूर आणि घरातल्या माणसांची बिडी यांतून जाणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. गॅस असूनही पाणी तापवायला, भाकरी भाजायला चूल पेटतेच. निदान या काळात ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावे आणि चूल उघड्यावर असावी.

रक्त कमी असणे हा सर्वांत व्यापक धोका आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रियांचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी आढळले. रक्त फिके असेल तर वारेला प्रत्येक थेंबातून कमी प्राणवायू मिळतो. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असा सरकारी कार्यक्रम आहे. गोळीने शौच काळी होते, कधी मळमळते. म्हणून ती डब्यात पडून राहते. रात्री जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते, लिंबू पिळलेल्या भाजीसोबत ती चांगली शोषली जाते, आणि चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते. दुसऱ्या तिमाहीत जंताची गोळीही दिली जाते. ती चुकवू नये.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवे

डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातले गाव, नांदेड आणि हिंगोली यांच्या मधल्या रस्त्यावरचे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पुढच्या उपचारांसाठी आखाडा बाळापूरचे ग्रामीण रुग्णालय, कळमनुरीचे उपजिल्हा रुग्णालय, हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय आणि नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी साखळी आहे. २०२४ पासून हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. ही साखळी उपयोगी पडते ती वेळेत नाव नोंदवले तरच. पाळी चुकल्यावर, बारा आठवड्यांच्या आत आशाताईकडे किंवा आरोग्य केंद्रात नोंद करावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे.

शेवटच्या पाळीची तारीख हा या कार्डावरचा सर्वांत मोलाचा आकडा, आणि बहुधा तोच अंदाजाने भरला जातो. ‘पंचमीच्या आधी’, ‘पोळ्याच्या सुमारास’ एवढे आठवत असेल तर दिनदर्शिका समोर धरून तारीख काढावी. गरोदर राहू इच्छिणाऱ्या स्त्रीने दर महिन्याला भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करावी हे त्याहून बरे. तारीख नक्की नसेल तर पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी बाळाचे वय सर्वांत अचूक सांगते. वेळेआधी म्हातारी झालेली वार आणि दिवस भरलेली वार यांतला फरक शेवटी तारखेवरच ठरतो. तारीखच चुकली तर पुढचे सगळे निर्णय चुकतात.

त्या पहिल्या भेटीत रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, तसेच एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या होतात. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात; १४० किंवा त्याहून अधिक आकडा आला तर मधुमेह समजतात. पहिली तपासणी चांगली आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा करावी.

याच भेटीत काही गोष्टी डॉक्टरांनी न विचारताही सांगाव्यात: आधीच्या खेपेला रक्तदाब वाढला होता का, झटके आले होते का, बाळ पोटात दगावले किंवा फार हलके जन्मले होते का, आधीपासून रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, आईला किंवा बहिणीला गरोदरपणात असा त्रास झाला होता का. जुळी बाळे असतील तर तेही धोक्याच्या यादीत येते. सासूबाईंसमोर मागचे बाळ गेल्याचे बोलायला सून कचरते. तिला डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची संधी मिळायला हवी.

एवढे विचारण्यामागे कारण आहे. धोका जास्त असलेल्या स्त्रियांना कमी मात्रेत अॅस्पिरिन दिल्यास लवकर उद्भवणारा प्रीएक्लॅम्प्सिया बराच टळतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या चाचणीत ११ ते १४ आठवड्यांदरम्यान सुरू करून ३६ व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिले. ३७ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. पाट रुंद होण्याच्या दिवसांतच ही गोळी सुरू व्हावी लागते. सोळा आठवड्यांनंतर सुरू केल्यास लाभ खूप कमी होतो. गोळी मात्र डॉक्टरांनीच लिहून द्यावी. डोकेदुखीची म्हणून दुकानातून आणलेली गोळी हा तिचा पर्याय नव्हे.

कॅल्शियमच्या गोळ्या चौदाव्या आठवड्यापासून सरकारी केंद्रात मोफत मिळतात: ५०० मिलिग्रॅमची एक सकाळी, एक संध्याकाळी. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांत त्या रक्तदाबाचा धोका कमी करतात. बंगळुरू आणि टांझानियातील चाचण्यांतून २०२४ साली असे दिसले, की रोज ५०० मिलिग्रॅमही प्रीएक्लॅम्प्सिया टाळण्यात १,५०० मिलिग्रॅमच्या तोडीचे ठरते. म्हणजे एखादी गोळी राहिली म्हणून सगळीच सोडून देण्याचे कारण नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये. किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

पेशी तरुण ठेवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या जीवनसत्त्वांबद्दल सावध राहावे. सी आणि ई जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत देऊन झीज थांबवता येईल अशी आशा होती. ब्रिटनमध्ये २००६ साली आणि पुढे भारत, पेरू, दक्षिण आफ्रिका व व्हिएतनाम या देशांत ती तपासून पाहिली गेली. प्रीएक्लॅम्प्सिया कमी झाला नाही. ब्रिटनच्या चाचणीत तर हलक्या वजनाची बाळे जास्त जन्मली. आज वारेचे म्हातारपण परतवणारे औषध नाही. ज्वारीची भाकरी, वरण किंवा उसळ, रोज एक पालेभाजी, ताक-दूध, चालत असेल तर अंडे, शेंगदाणे, तीळ आणि जवसाची चटणी हे ताट त्यापेक्षा खात्रीचे आहे. मेथी, चुका, तांदूळजा, शेवग्याचा पाला आणि हरभऱ्याची भाजी इथल्या शेतांत मिळतेच. जवसात ओमेगा-३ मेद असतात. पुण्याच्या भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी यांच्या गटाने प्रीएक्लॅम्प्सियातील वारांमध्ये अशा मेदांची आणि बी-१२ची काय अवस्था असते, यावर अनेक वर्षे काम केले आहे. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून शेवटच्या महिन्यांत जेवण कमी करण्याची पद्धत मात्र सोडायलाच हवी. उपाशी राहिल्याने बाळाच्या डोक्याचा घेर फारसा घटत नाही. घटते ती बाळाची ताकद.

‘वार जुनी झाली’ असे अहवालात आले तर

सोनोग्राफीच्या अहवालात वारेची प्रत शून्य ते तीन अशी लिहिलेली असते. वारेत कॅल्शियमचे पांढरे ठिपके आणि रेघा जितक्या जास्त, तितकी प्रत वरची. ३८-३९ आठवड्यांना ‘तिसरी प्रत’ लिहिलेली पाहून घाबरून जाऊन ताबडतोब शस्त्रक्रियेची मागणी करणारी कुटुंबे आहेत. दिवस भरताना ही प्रत दिसणे स्वाभाविक आहे. ३२-३३ आठवड्यांतच ती दिसली, तर लक्ष वाढवावे लागते: रक्तदाब, तंबाखू, बाळाचे वजन, गर्भजलाचे प्रमाण आणि नाळेतला रक्तप्रवाह हे एकत्र पाहून निर्णय घेतात. नाळेतला प्रवाह डॉप्लर सोनोग्राफीने कळतो, आणि वार थकल्याची तीच अधिक भरवशाची खूण आहे. नुसत्या प्रतीवरून प्रसूती लवकर करू नये, आणि बाळाची वाढ खुंटली असताना ‘प्रत पहिलीच आहे’ म्हणून निश्चिंतही राहू नये.

सोनोग्राफी नसतानाही बाळाची वाढ मोजता येते. २४ आठवड्यांनंतर जांघेच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत टेपने मोजलेले सेंटिमीटर साधारण आठवड्यांइतके असतात. तीन किंवा अधिक सेंटिमीटरची तफावत आली, किंवा दोन भेटींत आकडा जागचा हलला नाही, तर सोनोग्राफीसाठी पाठवले जावे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते; पोटाला टेप लागली का आणि आकडा कार्डावर लिहिला का, हे त्या दिवशी घरच्यांनी पाहावे.

थांबू नये अशी लक्षणे

रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असेल तर पुन्हा मोजून खात्री करतात. १६०/११० असेल तर ती तातडीची अवस्था आहे. डोके सतत ठणकणे, डोळ्यांपुढे चमकणे किंवा अंधारणे, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, सकाळी उठल्यावर तोंड आणि बोटे सुजलेली असणे, आठवड्यात एकदम वजन वाढणे: यांपैकी काहीही दिसले की त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. पायांवर सूज बऱ्याच जणींना येते, म्हणून तोंडावरची सूजही तशीच समजली जाते, आणि तिथेच वेळ जातो. झटके आले तर ती बाहेरची बाधा नाही. कुशीवर झोपवावे, तोंडात चमचा किंवा कांदा कोंबू नये, आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येते. ते झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी करते, हे २००२ साली अनेक देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत सिद्ध झाले. म्हणून थेट नांदेडचा रस्ता धरण्याआधी जवळच्या केंद्रात पहिला डोस घेऊन पुढे जाणे शहाणपणाचे.

पोट दगडासारखे घट्ट होऊन दुखत असेल आणि रक्त जात असेल, तर वार आधीच सुटत असण्याची शक्यता असते. कधी रक्त आतच साचते आणि बाहेर थोडेच दिसते. न दुखता लालभडक रक्त जात असेल, तर वार गर्भाशयाच्या तोंडाशी असू शकते. दोन्ही वेळा दाईने किंवा कुणीही आतून तपासू नये. थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

बाळाची हालचाल ही वारेच्या तब्येतीची आईला कळणारी खूण आहे. वार थकली की बाळ आधी हालचाल कमी करून ताकद राखते. २८ आठवड्यांनंतर रोज ठरावीक वेळी, जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजाव्यात. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा बाळ स्पष्टपणे शांत वाटले, तर लगेच रुग्णालयात जाऊन ठोके तपासून घ्यावेत. गोड खाऊन सकाळपर्यंत वाट पाहू नये. दिवस भरत आले की बाळ हलायचे कमी होते, हा समज चुकीचा आणि घातक आहे. याच काळात उताणे न झोपता कुशीवर झोपावे, कारण उताण्या स्थितीत गर्भाशयाच्या वजनाने मोठी रक्तवाहिनी दाबली जाऊन वारेचे रक्त घटते. हळद काढणी, ऊसतोड किंवा केळीचे घड वाहण्याच्या हंगामात दुपारची विश्रांती आणि भरपूर पाणी हे उपचारच समजावेत.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत चांगली आहे, पण सातव्या महिन्यानंतर, धोका सर्वाधिक असताना, तपासणीचा धागा तिथेच तुटतो. कार्ड, रक्ताचे आणि सोनोग्राफीचे सगळे कागद पिशवीत सोबत द्यावेत आणि माहेरच्या गावच्या आशाताईला आधीच कळवावे. ऊसतोडीला दूर जाणाऱ्या कुटुंबांना हे दुप्पट लागू आहे: जिथे मुक्कामाची कोप (झोपडी) पडेल तिथल्या आरोग्य केंद्रात कार्ड दाखवून तपासण्या चालू ठेवता येतात, आणि प्रसूती, औषधे, जेवण, वाहन हे सगळे सरकारी रुग्णालयात मोफत आहे.

तारीख उलटल्यावर आणि त्यानंतर

दिलेल्या तारखेला कळा आल्या नाहीत तर काही दिवस थांबता येते, पण तपासणीखाली. ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा सुरू करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते, कारण त्यापुढे वारेची झीज वेगाने वाढते. ‘पहिल्या खेपेला उशीर होतोच’ म्हणून ४२ आठवडे गाठू देऊ नयेत. रक्तदाब, मधुमेह किंवा खुंटलेली वाढ असेल तर प्रसूतीची वेळ डॉक्टर आणखी आधी ठरवतात. वेळेआधी म्हाताऱ्या झालेल्या वारेवर आजचा खरा उपाय हाच आहे: बाळाला पोटात ठेवण्याचा धोका बाहेर आणण्याच्या धोक्यापेक्षा जास्त होतो, ती वेळ ओळखणे.

बाळ जन्मल्यावर वार पूर्ण बाहेर पडली का, हे पसरून पाहिले जाते. अर्ध्या तासात ती पडली नाही किंवा तिचा तुकडा आत राहिला, तर जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. बाळ फार हलके असेल किंवा दगावलेले असेल, तर वार पुरण्याआधी तिची तपासणी होऊ शकते का, हे वैद्यकीय महाविद्यालयात विचारावे. सुन्न झालेल्या घराला ते त्या क्षणी नकोसे वाटते, पण पुढच्या गरोदरपणाची आखणी बऱ्याचदा त्याच अहवालावर होते. बाळंतपणानंतर रक्तदाब लगेच उतरत नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी तो पुन्हा चढू शकतो आणि झटकेही येऊ शकतात. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर बाळंतिणीचा रक्तदाबही मोजला जाईल अशी सोय परिचारिकेला सांगून करून घ्यावी.

प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रीला पुढे आयुष्यात उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तिने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्यावा. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर राहावे म्हणून प्रसूतीनंतर निदान दोन वर्षे पुढची गर्भधारणा होऊ देऊ नये, आणि पुन्हा दिवस गेले की जुने कार्ड घेऊन बारा आठवड्यांच्या आत आरोग्य केंद्रात जावे, म्हणजे अॅस्पिरिनची वेळ टळून जाणार नाही.